हिरवळ : परक्या बियाण्याची आणि आपल्या मातीची

सालवड, बोईसर, तारापूर या पट्ट्यात आता बैठ्या घरांपुढे आणि सोसायट्यांच्या आवारात हिरवळ लावण्याची हौस वाढली आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण कोणतं गवत लावायचं, हा प्रश्न हौसेचा नाही, हवामानाचा आहे.

आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा न्यू जर्सीला असतो. त्याने तिकडच्या टॉल फेस्क्यू नावाच्या गवताचं बियाणं आणलं. मला म्हणाला, “चाचा, हे बर्फातही मरत नाही, मग इथे काय मरणार?” नोव्हेंबरात पेरलं. जानेवारीत पाहत राहावं असं गर्द हिरवं झालं आणि एप्रिलअखेर झुबक्याझुबक्याने करपलं.

त्यात गवताचा दोष नव्हता. टॉल फेस्क्यू खरोखर चिवट आहे. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १९३१ साली एका डोंगरउतारावर ते हिवाळ्यातही हिरवं दिसलं, तिथून निवडलेलं वाण १९४३ साली शेतकऱ्यांना मिळालं आणि पुढे तिकडच्या अंगणांत पसरलं. पण ते थंड ऋतूचं गवत. १५ ते २४ अंशांत ते सुखात असतं. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीसुद्धा पारा २५ च्या खाली क्वचितच उतरतो. अशा उकाड्यात त्याची कमाई कमी आणि खर्च जास्त होतो, शिवाय दमट हवेत बुरशी धरते. महाबळेश्वरच्या थंडीत त्याची हौस पुरवून पाहावी, सालवडला नको.

आपल्या मातीचं गवत म्हणजे हरळी. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच, आणि शेतकरी कुंद्याबरोबर जिच्या नावाने कपाळाला हात लावतो तीही हीच. आमच्या कब्रस्तानात तिला कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी जूनमध्ये ती मातीवर हिरवी चादर घालतेच. जमिनीवरून आणि जमिनीखालूनही ती धावते, म्हणून उघडा पडलेला तुकडा स्वतःच भरून काढते. खारट मातीही तिला बऱ्यापैकी सोसते. फक्त सावली सोसत नाही. दिवसाला सहा तास ऊन नसेल तर तिथे हिरवळीचा हट्ट धरू नये.

लावायची ती पावसाच्या तोंडावर. त्याआधी जमीन वीतभर खणावी, दगड वेचावेत, पाणी देऊन लव्हाळा उगवू द्यावा आणि गाठींसकट उपटावा. कुजलेलं शेणखत मिसळावं. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, म्हणून जमिनीला हलका उतार ठेवावा. पहिल्या सरी झाल्या की डोळे असलेली मुळं चार-चार बोटांवर खोचावीत. गवत दोन-अडीच इंच वाढलं की कापावं, पण एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक नाही. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा, सकाळी, खोल मुरेल असं पाणी द्यावं.

आता पाण्याचा हिशेब. हजार चौरस फुटांच्या हिरवळीला आठवड्याला इंचभर पाणी द्यायचं म्हणजे सुमारे २,३०० लिटर लागतात. इथे सूर्या नदीवरच्या धामणी धरणाच्या पाण्यावर शेती आहे, कारखाने आहेत आणि पार वसई-विरारचे नळही आहेत. एप्रिल-मेमध्ये पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन चालत असताना आपण गवतासाठी टँकर मागवायचा का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी तरी मागवत नाही. घरातलं भांडी विसळलेलं, बिनसाबणाचं पाणी जेवढ्या तुकड्याला पुरेल तेवढीच हिरवळ ठेवतो.

उन्हाळ्यात हरळी पिवळी पडली तर घाबरू नका, खणून टाकू नका. वरची पाती सुकतात, खालच्या मुळ्या जिवंत असतात. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवस वाट पाहा. आणि यंदा नव्याने लावणार असाल तर जमीन मे संपण्याआधी खणून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)