जड सरकते दार



इटियाडोहच्या पाण्यावर धान पिकते, तसे कोठाराचे लोखंडी सरकते दारही हंगामात दहादा उघडावे लागते. ते अडले की आपण कमरेचा जोर लावतो; मग बाई पोटुशी असो की म्हातारी! पुष्कळदा दोष वजनाचा नसतो. चाक फिरायचे सोडून घासू लागते, म्हणून दार अडते.

आधी खालची पन्हळ पाहावी. तीत कोंडा नि माती दाबून बसते. ती खिळ्याने उकरून झाडून काढावी. पन्हळीत तेल मात्र ओतू नये. तेलाला कोंडा चिकटून त्याचा लगदा होतो. चाकाच्या आसाला दोन थेंब पुरेत. लाकडी खाच असेल तर मेणबत्ती घासावी.

मूठ कमरेच्या उंचीवर, दोन्ही हात बसतील अशी लांब करून घ्यावी. पहिला धक्काच जड असतो, दार हलले की पुढे थोडा जोर पुरतो. म्हणून हिसका न देता अंगभाराने रेटावे.

रुळावरून उतरलेल्या दाराला एकटीने हात लावू नये. आणि रुळाच्या दोन्ही टोकांना अटकाव आहे ना, एवढे घरी गेल्यावर आजच पाहा. तो नसला तर दार निसटून अंगावर येते.