आधी कागद, मग गाडी

(बचतगटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर 'जुनी गाडी घेताना' हा विषय वाचून काही जणी हसल्या. मारहाण, पोटगी, सातबारा हे आपले विषय, मग हा गॅरेजचा विषय इथं कशाला? पण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत गाडी हा बाईच्या जिवाचा प्रश्न आहे. एटापल्ली, भामरागड, कोरची, जिवती भागातल्या गावात रात्री कळा सुरू झाल्या, की पहिला प्रश्न असतो गाडी कोणाकडे आहे. मोहफुलं आठवडी बाजारात न्यायची तर भाडं दुसऱ्याचं आणि वेळही दुसऱ्याचीच. म्हणून गट आता स्वतःची गाडी घ्यायचं म्हणतात. नवी परवडत नाही, म्हणून जुनी.

आधी आमची चूक सांगते. आमच्या चार गटांनी मिळून एक जुनी जीप घेतली. रंग नवा, सीटचे कव्हर नवे. विकणारा म्हणाला, "ताई, पासिंग झालेलं आहे, काळजी नको." मिस्त्रीनं इंजिन ऐकलं, ठीक म्हणाला. आम्ही पैसे दिले, साध्या कागदावर सह्या घेतल्या, नारळ फोडला. सहा महिन्यांनी भर बाजारातून वसुलीची माणसं गाडी घेऊन गेली. जुन्या मालकाचं कर्ज फिटलेलंच नव्हतं, आणि आरसीवर त्याचंच नाव होतं. दोन वर्षांची बचत गेली. गटाच्या प्रत्येक बाईला रजिस्टर लिहायला, पावती जपायला मीच शिकवत होते. पण त्या दिवशी एकही कागद मी नीट वाचला नाही. "तुम्ही शिकलेल्या, म्हणून आम्ही विचारलं नाही," असं एक बाई मला म्हणाली. तेव्हापासून मी हा विषय सोडलेला नाही.

आता कामाचं. सगळ्यात आधी नंबरप्लेट बघा. पांढरी पाटी म्हणजे खाजगी, पिवळी म्हणजे भाड्याची गाडी. हा फरक महत्त्वाचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, आणि मग तपासणी करून ५ वर्षांसाठी नूतनीकरण. म्हणजे मधली १५ वर्षं तिचे ब्रेक सरकारनं तपासलेलेच नसतात! तेव्हा बारा वर्षांच्या पांढऱ्या पाटीच्या गाडीचं 'पासिंग झालंय' असं कोणी म्हणालं, तर त्याला काही अर्थ नाही. भाड्याच्या गाडीला मात्र योग्यता प्रमाणपत्र लागतं. आपण ज्याला पासिंग म्हणतो ते हेच. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

ब्रिटनमध्ये खाजगी मोटारींचीही सक्तीची तपासणी १९६० साली सुरू झाली. आज तिथं गाडीचा नंबर घातला की ती कधी नापास झाली, तेव्हा किती चालली होती, हे कोणालाही बघता येतं. आपल्याकडे हा इतिहास आपणच गोळा करायचा. परिवहन खात्याच्या एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, पासिंग, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते कळतं. पण तिथं आजची स्थिती दिसते, जुनी नाही. म्हणून विकणाऱ्याकडे पासिंगचे जुने सगळे दाखले मागा आणि तारखा ओळीनं मांडा. मध्ये वर्षभराची फट दिसली तर विचारा, तेव्हा गाडी होती कुठं?

आपल्याकडे या प्रश्नाची उत्तरं ठरलेली आहेत. अपघात होऊन पडून होती. किंवा सागवान वाहताना वनखात्यानं धरली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ५२ खाली वाहनही जप्त होतं. किंवा दारूत सापडली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ होती, आणि दारूबंदी कायद्यातही वाहन जप्त होतं. अशी गाडी सुपुर्दनाम्यावर सुटली असेल, तर खटला संपेपर्यंत विकायची नाही अशी अट सहसा असते. ती घेणं म्हणजे दुसऱ्याचा खटला घरी आणणं. शंका आली तर पोलीस ठाण्यात आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा.

पुराचंही बघा. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुरानं भामरागड पुन्हा पुन्हा पाण्यात गेलं. पाण्यात बसलेल्या गाडीचा रंग बदलता येतो, पण सीटखालच्या पत्र्यात, पट्ट्याच्या टोकाला गाळ राहतो. बोटानं चाचपा. खाणीच्या रस्त्यावर राबलेल्या गाडीचे पाटे आणि चेसी खाली वाकून बघा. चेसीवरचा नंबर आरसीशी आकडा-आकडा जुळवा. खाडाखोड दिसली तर तिथूनच परत फिरा.

मग बोजा. सातबाऱ्यावर जसा कर्जाचा बोजा असतो, तसाच आरसीवरही असतो. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ मागा. तो हातात आल्याशिवाय इसारसुद्धा नाही. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. गडचिरोलीच्या गाड्या एमएच ३३, चंद्रपूरच्या एमएच ३४. दुसऱ्या राज्यातली असेल तर ना हरकत दाखलाही हवा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे उद्या गटानं गाडी विकली, तरी हाच नियम आपल्यालाही लागतो.

आणखी एक. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन बायका बसवल्या आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. भाडं घ्यायचं असेल तर परवाना आणि पिवळी पाटी आधी.

आता शेवटचा प्रश्न, गाडी कोणाच्या नावावर? बचत बायकांची, गाडी मात्र कोणाच्या तरी नवऱ्याच्या नावावर, कारण "चालवणार तोच". सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. जमिनीला जे लागू, ते जीपला का नाही? तुमची संस्था नोंदलेली असेल तर तिच्या नावावर घ्या. नसेल तर लेखी ठराव करून एका सभासद बाईच्या नावावर घ्या, आणि पैसे कोणाचे किती, हे त्याच ठरावात लिहा.

गाडी बघायला तिघीजणी जा, दिवसा जा, आणि त्याच दिवशी पैसे देऊ नका. "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाला, तर येऊ द्या त्याला.

आमच्या गटांनी पुढं दुसरी जीप घेतली. या वेळी कागद घेऊन आरटीओत ज्या बसल्या, त्यांतल्या एकीला फक्त सही करता येते. दाखल्यांवरच्या तारखा दुसरीनं वाचल्या, तिनं बोटांवर मोजल्या. पहिल्या दोन गाड्या त्या तिघींनीच नापास केल्या. मी बाहेर चहा पीत होते.