हिमवादळाची रात्र आणि नोंदीचे शील



ज्या शाळेत मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेच्या स्मृतिव्याख्यानात बोलण्याचा मान मला दिलात, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनी काहीशा संकोचाने विचारले की, मराठीचा प्राध्यापक हिमवादळावर काय बोलणार? शंका रास्त आहे. वडोदऱ्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा बर्फाशी संबंध उसाच्या रसापुरता. पण आज मला हिमापेक्षा हिम मोजणाऱ्यांविषयी बोलायचे आहे. कोणी हुकूम दिलेला नाही, कोणी पैसे देत नाही, तरीही रात्रभर जागून आपल्या घरून आकाशाची खरी नोंद ठेवणारी हौशी माणसे जगात आहेत. त्यांच्याकडून आपण काय घ्यावे, हा आजचा प्रश्न. माझे म्हणणे थोडक्यात असे की, नोंद ठेवण्यासाठी उपकरण लागते, ज्ञान लागते. परंतु ती टिकते नोंद करणाऱ्याच्या शीलावर.

२०१६ च्या जानेवारीत मी न्यू जर्सीत मुलीकडे राहत होतो. त्या महिन्याच्या २२ ते २४ तारखांना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर प्रचंड हिमवादळ झाले. अटलांटिक किनाऱ्याला धरून वर सरकणाऱ्या आणि ईशान्येचे वारे घेऊन येणाऱ्या या वादळांना तिकडे ‘नॉरईस्टर’ म्हणतात. या वादळाची सूचना हवामान खात्याने काही दिवस आधीच दिली होती. ताशी ३५ मैलांचे वारे वा तसे झोत, आणि पाव मैलापलीकडचे दिसू नये अशी स्थिती सलग तीन तास राहिली, म्हणजे हिमवर्षावाला ‘ब्लिझर्ड’ ही पदवी मिळते. त्या वेळी ती अनेक शहरांना मिळाली. शनिवारी, २३ तारखेला दुपारी, न्यूयॉर्क शहरातील रस्ते सर्वसामान्य वाहनांना बंद करण्यात आले. पन्नासहून अधिक माणसे दगावली. कोणी निसरड्या रस्त्यांवर, कोणी फावड्याने हिम उपसताना हृदयविकाराने, तर कोणी धुराचे नळकांडे हिमाने बुजलेल्या मोटारीत विषारी वायूने. तेव्हा आपण ज्याला हौस म्हणतो आहोत, तिच्या मागे जीवनमरणाचा विषय उभा होता, हे विसरता कामा नये.

मुलीच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. हवामानाची नोंद हे त्यांचे व्रत. परसात, झाडांपासून आणि भिंतीपासून दूर, त्यांनी पांढऱ्या रंगाची एक लाकडी फळी ठेवली होती. तिची जागा सापडावी म्हणून शेजारी काठी रोवली होती. शुक्रवारी रात्री हिम सुरू झाले. रात्री एक वाजता मी खिडकीतून पाहिले, तर हातात विजेरी आणि पट्टी घेऊन ते फळीपाशी वाकलेले. पहाटेपर्यंत त्यांच्या स्वयंपाकघरातला दिवा विझला नाही. सकाळी सात वाजता पुन्हा तेच, दुपारी एकला तेच, संध्याकाळी सातला तेच. मधल्या वेळात वायुभारमापकाचा काटा, तापमापक आणि संगणकावरील रडारचे चित्र यांवर त्यांची नजर होती. त्या रात्री मेरीलँडपासून न्यूयॉर्कपर्यंत अशी किती घरे जागी असतील, याची आपण कल्पना करावी.

कोणी म्हणेल, रडार आहे, उपग्रह आहेत, मग पट्टी घेऊन कुडकुडणाऱ्या माणसाची गरज काय? गरज अशी की, रडारचा किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून उंच जातो. वर ढगात हिम आहे हे त्याला कळते. ते खाली येईतो त्याचे पाणी झाले की दाणे झाले, हे कळेलच असे नाही. हिम आणि पाऊस यांच्यामधली सीमा अशा वादळात तासातासाला सरकते, आणि एका बाजूचे गाव दोन फूट हिमाखाली जात असता काही मैलांवरचे गाव नुसते भिजते. ती सीमा कोठे आहे हे शेवटी अंगणात उभा असलेला माणूसच सांगू शकतो. म्हणूनच २०१२ च्या अखेरीस तिकडच्या तीव्र वादळांच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने एक सोय केली. आपल्या दारात या क्षणी काय पडत आहे, एवढेच सामान्य नागरिकांनी दूरध्वनीवरून कळवावे, आणि शास्त्रज्ञांनी ते रडारशी ताडून पाहावे.

ही परंपरा जुनी आहे. १७४३ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन चंद्रग्रहण पाहण्यास सज्ज झाले, तो ईशान्येच्या वाऱ्याने वादळ आणले आणि आकाश झाकले गेले. पुढे ईशान्येस बॉस्टनला राहणाऱ्या त्यांच्या भावाने कळवले की, तेथे ग्रहण स्वच्छ दिसले, वादळ नंतर आले. वारा ईशान्येकडून वाहत होता, पण वादळ मात्र ईशान्येकडे चालले होते! दोन भावांनी दोन गावांतून पाहिलेल्या एका रात्रीने हे उलगडले. एकट्याला ते कधीही कळले नसते. पुढे १८४९ च्या सुमारास स्मिथसोनियन संस्थेचे जोसेफ हेन्री यांनी दीडशेच्या आसपास स्वयंसेवक निरीक्षकांचे जाळे उभे केले, आणि १८९० साली अशा स्वयंसेवकांना शासकीय हवामान सेवेत रीतसर स्थान मिळाले. १९९७ च्या जुलैत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स गावी अचानक पूर आला. गावाच्या एका भागात काही तासांत फूटभराहून अधिक पाऊस, दुसऱ्या भागात बेताचा. पाच माणसे गेली. मोजणारे दाट असते तर धोका आधी ध्यानात आला असता, या जाणिवेतून १९९८ मध्ये तेथे नागरिकांचे पाऊस, गारा आणि हिम मोजण्याचे मंडळ निघाले, आणि ते पुढे देशभर पसरले.

या मंडळाच्या शिस्तीतील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्या दिवशी काहीच पडले नाही, त्या दिवशीही शून्य लिहून पाठवावे, असा त्यांचा आग्रह असतो. रिकामी जागा आणि शून्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रिकामी जागा म्हणजे कोणी पाहिले नाही. शून्य म्हणजे कोणीतरी पाहिले आणि काही नव्हते. ज्या देशाने शून्याला अंकाची प्रतिष्ठा दिली, त्या देशातील माणसांना हा भेद निराळा समजावून सांगायला नको.

आता शीलाकडे येतो. हिम मोजणे दिसते तितके सोपे नाही. हिम पडते आणि आपल्याच भाराने दबत जाते. म्हणून नियम असा की, फळीवरचे हिम इंचाच्या दशांशापर्यंत मोजावे, मग फळी पुसून नव्या हिमावर ठेवावी, आणि असे दिवसाच्या चोवीस तासांत चारहून अधिक वेळा करू नये. दर तासाला फळी पुसली तर हिमाला दबायला अवकाशच मिळत नाही, आणि बेरीज फुगते. माप खोटे नसते, पट्टी खोटी नसते, तरी बेरीज खोटी होते. त्या वादळात नेवार्क विमानतळावर नेमके हेच घडले. तेथील २८.१ इंचांचा विक्रमी आकडा पुढे चौकशीत अग्राह्य ठरला. वॉशिंग्टनच्या विमानतळावर तर फळीच हिमात हरवली. निरीक्षकांनी अनेक ठिकाणची खोली मोजून सरासरी काढली आणि १७.८ इंच नोंदले. त्यावर वाद झाला; चौकशीनंतर तो आकडा कायम राहिला.

सर्वांत बोलकी कथा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आहे. तेथील १८६९ पासूनच्या हिमाच्या नोंदीत २००६ च्या फेब्रुवारीतील २६.९ इंच हा उच्चांक होता. २०१६ च्या त्या वादळाचा आकडा जाहीर झाला २६.८. दशांश इंच कमी! शहराला विक्रमाची आस लागलेली; पट्टी किंचित तिरपी धरली असती तरी काम झाले असते. पण जो आकडा हाती आला तोच जाहीर झाला आणि विक्रम हुकला. तीन महिन्यांनी हवामान सेवेने सर्व वादग्रस्त मापे तपासली, तेव्हा उद्यानाकडून खात्याकडे आकडा पोचताना गफलत झाल्याचे उघड झाले. खरे माप २७.५ होते. विक्रम झालेलाच होता. ज्या तपासणीने नेवार्कचा विक्रम काढून घेतला, तिनेच सेंट्रल पार्कला तो दिला. देताना आणि घेताना तराजू एकच राहिला, याला मी शील म्हणतो.

मी मराठीचा माणूस, म्हणून शब्दांकडे वळल्याशिवाय राहवत नाही. त्या शेजाऱ्यांनी मला विचारले होते, तुमच्या भाषेत या पडणाऱ्या हिमाला काय म्हणतात? मी म्हणालो, बर्फ. त्यांनी पेल्यातला खडा दाखवला: आणि याला? मी म्हणालो, बर्फ. ते हसले, मीही हसलो. यात मराठीचे दारिद्र्य नाही. भाषा आपल्या आकाशाप्रमाणे वाढते. गार वेगळी, दव वेगळे, दहिवर वेगळे, धुके वेगळे, हे आपण जाणतो. झड, सर, रिपरिप, भुरभुर, मुसळधार हे पावसाचे भेद आपल्या आजीच्या तोंडी होते. हिम वाटेत उबदार थरात वितळून खालच्या थंड थरात पुन्हा गोठते, तेव्हा जे टणक दाणे पडतात त्यांना गारा म्हटले तर चूक होते. कारण गारा उंच मेघांतील चढत्या वाऱ्यांत वाढतात. ज्याला नेमका शब्द हवा त्याला आधी नीट पाहावे लागते.

पाहिले तेच आणि तसेच लिहावे, ही शिस्त आपल्याला परकी नाही. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या त्या ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून. पुढे मूळ संहिता हरपल्यावर स्मरणातून ती पुन्हा सिद्ध करताना जेथे आठवणी जुळल्या नाहीत, तेथे महानुभावांनी त्या एकमेकींत मिसळून सोयीचा एक पाठ केला नाही. ज्याचा पाठ त्याच्या नावाने राखला. मराठी गद्याच्या उगमाशीच ही सचोटी आहे. वॉशिंग्टनच्या हरवलेल्या फळीवरचा वाद वाचताना मला लीळाचरित्रातील हे भिन्न पाठ आठवले.

मित्रहो, हे सारे दूरच्या देशाचे म्हणून सोडून देऊ नका. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्याला पाऊणशेसुद्धा नाही. कुलाब्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला उपनगर बुडत आहे याची कल्पना येणे शक्य नव्हते. आपल्या वडोदऱ्याने ३१ जुलै २०१९ चा पाऊस पाहिला, २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत पाहिले, आणि मगरी रस्त्यावर आलेल्या पाहिल्या. त्या दिवसांविषयी प्रत्येकाकडे एक कथा आहे. पण आपल्या गल्लीत किती वाजेपर्यंत किती पाऊस पडला, हे लिहिलेली वही किती घरांत आहे?

म्हणून संस्थेपुढे एक लहानशी विनंती ठेवतो. शाळेच्या अंगणात, इमारतीपासून दूर, एक पर्जन्यमापक बसवावा. त्याची वही असावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी एका विद्यार्थ्याने माप घ्यावे, दुसऱ्याने ते पडताळावे, आणि दोघांनी सही करावी. कोरड्या दिवशी शून्य लिहावे. सुटीत ती जबाबदारी जवळ राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी घ्यावी. माझे घर दोन गल्ल्यांवर आहे, माझी पाळी मी आजच मागून ठेवतो. खर्च एखाद्या सत्कारसमारंभातल्या हारतुऱ्यांइतकाही येणार नाही. आकडा वाढवून लिहिण्याचा मोह मुलांना होईल, विशेषतः पाऊस जोराचा असेल तेव्हा. तो मोह आवरून जो मुलगा वा जी मुलगी दिसले तेच लिहील, तिला आपण भाषाही शिकवली, शास्त्रही शिकवले आणि सत्यही शिकवले, असे खुशाल समजावे.