सुट्टीत दुबई, आणि एक दुपार अल क्वोजमध्ये

सुट्टीत दुबईला गेलेला मराठी माणूस बुर्ज खलिफा पाहतो, सोन्याचा बाजार फिरतो आणि परततो. पण यावेळी एक दुपार अल क्वोजसाठी राखून ठेवा.

गोदामं आणि गॅरेज यांचा हा भाग. इथल्या अलसरकल ॲव्हेन्यूत पूर्वी संगमरवराचा कारखाना होता. आज तिथल्या उंच छतांच्या शेडमध्ये कलादालनं आहेत. त्यातलं ‘गल्फ फोटो प्लस’ खास छायाचित्रांसाठी. इथे प्रदर्शनं भरतात, कार्यशाळा होतात आणि छायाचित्रांच्या प्रतीही विकत मिळतात. मोबाइलच्या पडद्यावर क्षणात पुढे सरकवलेला फोटो आणि भिंतीवर मोठ्या आकारात, नीट छापून लावलेला फोटो, यांत फार अंतर आहे. दुसऱ्यासमोर पाय आपोआप थांबतात.

जवळच ‘इशारा आर्ट फाउंडेशन’ आहे. दक्षिण आशियाई कलेला वाहिलेली ही संस्था स्मिता प्रभाकर यांनी २०१९ मध्ये स्थापन केली. भारतीय छायाचित्रकार सोहराब हुरा यांनी २०२१ मध्ये इथे ‘ग्रोइंग लाइक अ ट्री’ हे छायाचित्रकारांचं सामूहिक प्रदर्शन मांडलं होतं. परदेशात आपल्या भागातली माणसं, गल्ल्या, घरं अशी भिंतीवर भेटणं मला मॉलपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

शक्यतो नोव्हेंबर ते मार्च या काळात जा. तेव्हा उकाडा कमी असल्याने दालनं पायी फिरता येतात. निघण्यापूर्वी प्रदर्शन सुरू आहे का आणि दालन किती वाजता उघडतं, हे तेवढं पाहून घ्या. मुलांनाही सोबत न्या.