मुलांच्या मेंदूतली गाठ आणि मायक्रोआरएनए
मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. तो संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिनं बनणं रोखतो. मेड्युलोब्लास्टोमा या लहान मुलांच्या मेंदूतल्या कर्करोगात त्याचं प्रमाण बदलतं. या गाठीचे मुख्य प्रकार चार. डब्ल्यूएनटी प्रकारातली बहुतेक मुलं बरी होतात, तर ‘तिसरा गट’ या प्रकारात धोका मोठा. म्हणून नेमका प्रकार कळणं फार मोलाचं!

तो ओळखण्यासाठी खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटानं १२ जनुकं आणि ९ मायक्रोआरएनए मोजणारी पीसीआर चाचणी २०१३मध्ये मांडली. आखूड असल्यानं मायक्रोआरएनए मेणात जपलेल्या जुन्या नमुन्यांतही टिकतात, म्हणून रुग्णालयातल्या साठवलेल्या नमुन्यांवरही ही तपासणी होऊ शकते.