संकटात दिलेला शब्द

(देवालय जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



माणूस अडला की देवाला नवस बोलतो. पाऊस ओढ धरतो, मुलाचा ताप उतरत नाही, तेव्हा घरातली म्हातारी देवापुढे पदर पसरून काहीतरी कबूल करते. पुढे संकट टळते आणि खरी परीक्षा तिथून सुरू होते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही.

ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात वज्रेश्वरीचे देवस्थान आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांच्या वसईला वेढा दिला. तट भक्कम होता, माणसे पडत होती, किल्ला हाती येत नव्हता. वसई फत्ते झाली तर तुझे देऊळ बांधीन, असा नवस त्यांनी तेव्हा देवीला केला, अशी परंपरेने चालत आलेली हकीकत आहे. मे महिन्यात वसई पडली. शरण आलेल्या शत्रूलाही त्या वेळी शब्द दिला होता की, आठ दिवसांत आपली माणसे व चीजवस्तू घेऊन सुखरूप निघून जावे. तो शब्द पाळला गेला. चिमाजी अप्पांना मात्र पुढे फार आयुष्य लाभले नाही. डिसेंबर १७४० मध्ये ते वारले. तरी देवीचा नवस बुडाला नाही. सुभेदार शंकर केशव फडके यांच्या हातून देऊळ उभे राहिले, असे सांगतात. बोलणारा गेला, पण मागच्यांनी त्याचा शब्द आपला मानला.

देवाला दिलेल्या शब्दाची ही गोष्ट झाली. माणसांना दिलेल्या शब्दाचे काय?

१९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना तो सांगायला नको. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने विकली गेली, लोकांनी मिलो आणि सुकडीवर दिवस काढले. खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला बागायतदाराच्या घरचीही माणसे आली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्याच काळात सरकारने कबूल केले की, मागेल त्याला काम मिळेल. या विचारामागे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे होते.

पुढे पाऊस पडला, शेते पिकली. शब्द विसरायला हीच वेळ सोयीची असते. परंतु १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला आणि शहरातल्या पगारदाराच्या पैशातून खेड्यातल्या मजुराच्या कामाची तरतूद झाली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने मंजूर केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. अर्ज केल्यावर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही तर बेकार भत्ता द्यायचा, असे त्यात लिहिले गेले. १९७२ पासून तोवर राज्यात चार मुख्यमंत्री झाले होते. खुर्चीवरचा माणूस बदलला, शब्द बदलला नाही. पुढे २००५ साली केंद्राने असा कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

पण शब्द कायद्यात आला म्हणजे तो फिटला असे होत नाही. तो हजेरीपटावर फिटतो. जिथे खोटी नावे चढली, जिथे बाईला मजुरीसाठी आठवड्यामागून आठवडे ताटकळत बसावे लागले, तिथे तो नवस अर्धाच फेडला गेला.

आज कळसाकडे पाहताना एवढे ध्यानात ठेवावे. देवाचा नवस फेडायला सगळा गाव वर्गणी काढतो, मग अडल्या वेळी शेजाऱ्याला दिलेला शब्दही त्याच तोलाचा मानावा. दुष्काळात उसने आणलेले धान्य, आजारपणात कोणी न मागता दिलेले पैसे, मरणाऱ्या भावाला ‘पोरांचे मी बघतो’ म्हणून दिलेला हात, यांना साक्षीदार नसतो आणि कागदही नसतो. वडिलांनी असे काही कबूल केले असेल तर मुलाने ते विचारून घ्यावे व पुरे करावे. देव नवसाचा तगादा लावीत नाही. गरीब शेजारीही बहुधा लावीत नाही. म्हणून तर ते ऋण आपण होऊन फेडायचे.