नगररेषा आणि काळोख



स्मृतिव्याख्यानाचा विषय कळवावा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा मी ‘रात्रीच्या नगराचे छायाचित्रण’ असे कळवले. मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मय सोडून हे काय काढले, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, ते गुरुजी विषयांमधली कुंपणे फारशी मानीत नसत. गणिताच्या तासाला ते क्रियापदाची रूपे विचारीत आणि भूगोलाच्या तासाला अभंग म्हणायला लावीत. तो आधार मी आज घेतो. दुसरे असे की, निवृत्तीनंतर गेली दहा-बारा वर्षे मी ही विद्या शिकतो आहे. मला शिकवणारा एकेकाळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसे. आता तो बाक माझ्या वाट्याला आला आहे.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत ‘स्कायलाइन’ म्हणतात, त्याला आपल्याकडे रूढ प्रतिशब्द नाही. ‘क्षितिजरेषा’ हा शब्द शेतकऱ्याचा आणि खलाशाचा. त्यात घरे नाहीत. आकाशाच्या पाटीवर घरे, घुमट, मनोरे यांनी ओढलेली जी वेडीवाकडी रेघ, तिला मी ‘नगररेषा’ म्हणतो. शब्द चांगला वाटला तर घ्यावा.

रात्रीच्या नगररेषेचे छायाचित्र रात्री घ्यायचे नसते, हा या विद्येचा पहिला धडा. पूर्ण काळोख झाला की इमारतीची कड आणि आकाश एक होतात, आणि उरतात ते नुसते दिव्यांचे ठिपके. चित्र मिळते ते दिवेलागणीला. सूर्य मावळल्यानंतर काही मिनिटे अशी येतात की आकाशातला उरलेला उजेड आणि माणसाने लावलेला उजेड एका पातळीवर उभे राहतात. आकाश गडद निळे होते, रेषा स्पष्ट राहते, आणि खिडकीतला दिवाही डोळ्यांत भरतो. मराठीने या वेळेला तिन्हीसांज, कातरवेळ, दिवेलागण अशी किती नावे दिली आहेत! ज्या भाषेने एवढ्या बारकाईने ही वेळ टिपली, तिच्या माणसाला हा धडा अवघड जाऊ नये.

मात्र आपल्याकडे ही वेळ फार थोडी टिकते. बीदर सुमारे अठरा अक्षांशांवर आहे. येथे सूर्य जवळजवळ उभा खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत सरतो. युरोपच्या उत्तरेकडील छायाचित्रकाराला उन्हाळ्यात याच कामासाठी कितीतरी अधिक अवधी मिळतो. म्हणून आपण जागा दुपारी हेरावी, तिपाई ऊन असतानाच रोवावी आणि मग वाट पाहावी. पावसाळा सरल्यावर, आश्विन-कार्तिकात, हवा धुतलेली असते. तो काळ उत्तम.

मी बहुधा अष्टूरला जातो. बहमनी सुलतानांच्या कबरी तेथे आहेत. हे गाव बीदरच्या पूर्वेला, पठाराच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे शहराकडे तोंड केले की मावळतीचा उजेड आपोआप शहराच्या मागे येतो. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवायचा. संवेदनक्षमता शंभरावर, छिद्र आठवर. दूरचा एखादा दिवा पडद्यावर मोठा करून हाताने नाभीयन साधायचे आणि मग त्याला हात लावायचा नाही. बटण बोटाने दाबले तरी यंत्र थरथरते, म्हणून दोन सेकंदांची कळ लावून हात मागे घ्यायचा. झडप आठ, दहा, कधी पंधरा सेकंद उघडी राहते. छिद्र आणखी लहान केले तर प्रत्येक दिव्याला किरण फुटतात. छिद्राच्या पाकळ्या सम असतील तर किरण तेवढेच, विषम असतील तर दुप्पट. ही गंमत विद्यार्थ्यांना फार आवडते. मला मात्र ती लग्नपत्रिकेवरच्या चमकीसारखी वाटते.

खरे शिकायचे असते ते काळे काय ठेवायचे हे. आणि त्याचा गुरू आपल्या जिल्ह्यातच आहे. बीदरी काम आपण सर्वांनी पाहिले आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, ते घासून गुळगुळीत करतात. मग मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करतात, कारण काळ्यावरच खोदकामाची रेघ दिसते. खोदलेल्या खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्यातल्या जुन्या भिंतींजवळची माती आणि नवसागर यांचा लेप गरम भांड्यावर चोळतात. त्या लेपाने जस्त कायमचे काळे पडते, चांदीला काही होत नाही. म्हणजे कारागीर चांदी उजळीत नाही, तो भोवतालचे काळे करतो. पेठेतल्या कारागिरापाशी मी तासन्‌तास बसलो आहे. छायाचित्रणाच्या पुस्तकांनी जे सांगितले नाही ते मला तेथे कळले.

दीर्घ उघडीपीचा आणखी एक गुण आहे, आणि तो थोडा भयंकर आहे. १८३८ मध्ये दागेर या फ्रेंच गृहस्थाने पॅरिसच्या एका रस्त्याचे चित्र घेतले. रस्ता वाहता होता. परंतु मुद्रण व्हायला काही मिनिटे लागत, त्यामुळे चालणारी माणसे, गाड्या, घोडे सारे नाहीसे झाले. बूट पुसून घेण्यासाठी एक मनुष्य थांबला होता, तेवढा उमटला. आपल्या रात्रीच्या चित्रातही हेच घडते. इमारती राहतात, मोटारींच्या तांबड्या-पांढऱ्या रेघा राहतात, आणि पायी चालणारा माणूस पुसला जातो. नगररेषेच्या चित्राला लोक ‘शहराचे चित्र’ म्हणतात, तेव्हा मी मनात चरकतो.

रंगाचेही असेच आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हला ‘राणीचा हार’ म्हणतात, तो तेथील दिव्यांच्या कमानीमुळे. २०१५ साली सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले, तेव्हा मुंबईकरांनी एवढी ओरड केली की पुढे पिवळसर छटा परत आणावी लागली. कॅमेऱ्याला स्वैर सोडले तर तो पिवळ्याला पांढरा करतो; त्याच्या हिशेबी ते दुरुस्तीचे काम. म्हणून रंगाचे माप आपण ठरवून द्यावे, त्याच्यावर सोपवू नये.

आता मोबाइल. त्यातली ‘रात्रीची सोय’ एकामागून एक चित्रे घेते, त्यांची सांधजोड करते आणि काळ्या जागा उजळून देते. तिपाई नको, थांबणे नको. मी तिची निंदा करीत नाही. पण तिच्या चित्रात पुणे, हैदराबाद आणि दुबई सारखीच दिसू लागतात. या शाळेतून गेलेली आपली मुले त्या-त्या शहरांत आहेत, गच्चीवरून चित्रे पाठवतात. मेहकरातल्या एका घरी मी बसलो असताना असेच चित्र आले. दिव्यांचा नुसता सडा. मुलाच्या आईने फोन डोळ्यांजवळ नेला, दूर धरला आणि विचारले, “ह्याच्यात तुझी खिडकी कुठली रं?” मुलगा पलीकडून हसला. त्याने सांगायचा प्रयत्न केला, पण त्यालाही ती सापडेना.

तो प्रश्न मी तेव्हापासून तिपाईबरोबर घेऊन फिरतो. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, पुढचे चित्र पाठवाल तेव्हा दिवेलागणीला घ्या, कठड्यावर फोन टेकवून घ्या, उजेड थोडा कमी ठेवा, आणि तुमची खिडकी चौकटीत येईल अशी जागा शोधा. तिच्यातला दिवा लावून मग खाली उतरा. शेजारच्या दहा खिडक्या काळ्या राहिल्या तर राहू द्या.

शेवटी महमूद गवानचा मदरसा. १४७२ साली बांधलेल्या या इमारतीला समोर दोन मनोरे होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगजेबाच्या अमलात, दारूगोळ्याच्या स्फोटाने पुढचा भाग उडाला. आज एकच मनोरा उभा आहे. बहुतेक छायाचित्रकार त्याला मधोमध घेतात. चित्र सुबक दिसते. मी त्याला एका कडेला उभा करतो आणि दुसरा मनोरा जेथे होता, त्या जागेपुरते निळे आकाश चौकटीत तसेच ठेवतो.